फ्रिजमधून चुलीपाशी

मी फ्रिजमधला भाजीचा ट्रे बोलतोय. हसू नका. किन्हीराजा गावच्या लिलाबाईंच्या घरचा फ्रिज बंद पडला, भंगारवाल्याने तो नेला आणि मी तेवढा मागे राहिलो. वाटलं, संपलं आपलं. पण लिलाबाईंनी तापल्या खिळ्याने माझ्या बुडाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं आणि मला चुलीशेजारी ठेवलं. सगळा जन्म गारठ्यात काढला होता मी. ऊब म्हणजे काय, ते तिथे कळलं.

दर हिवाळ्यात त्या माझ्यात वांग्याचं बी टाकायच्या, कडेला झेंडूची एक ओळ. बाहेरच्या थंडीत रोपं धरत नाहीत, म्हणून घरात वाढवायची आणि ऊन तापू लागलं की परसात लावायची. वांग्याचं बी त्यांच्या आईकडून आलेलं. गल्लीतल्या बायका रोपं मागायला आल्या की लिलाबाईंइतकाच मीही फुगायचो.

गेल्या हिवाळ्यात उंदरांनी बियांची पुरचुंडी फोडली. उरलंसुरलं सगळं बी लिलाबाईंनी माझ्यात टाकलं आणि लेकीच्या, धम्मदीपाच्या, बाळंतपणाला अनसिंगला निघाल्या. निघताना मुलाला, विनोदला, बजावलं, "रोज पानी शिपडजो. अन् सांजच्याले गोणपाट झाकजो बरं. एवढंच बी उरलं आता."

"हो माय, तू जाय बिनघोर."

विनोद दुष्ट नाही. पण हातात मोबाइल असला की त्याला घर दिसत नाही. गोणपाट कोपऱ्यात पडून राहिलं. चहा गॅसवर व्हायचा, त्यामुळे चूलही थंडच. झेंडू कसाबसा वर आला, वांगं काही येईना. तशात लिलाबाईंचा फोन आला.

"उगवलं काय रे माहं वांगं?"

"हो ना माय. मस्त उगवलं."

बोलून बसला. मग ते निस्तरायला, त्या परतायच्या आदल्या दिवशी, तालुक्याच्या नर्सरीतून वांग्याची रोपं घेऊन आला. त्यांना जागा करायला उलथन्याने माझी माती उकरू लागला आणि थांबला. मातीत बियांना कोंब फुटले होते. पांढरे, नुकतेच फुटलेले. थंडीने उशीर झाला होता, इतकंच. ते मला ठाऊक होतं, आता त्यालाही कळलं. त्याने हातातल्या रोपांकडे पाहिलं, कोंबांकडे पाहिलं. मग झेंडूची ओळ तेवढी ठेवून बाकीची माती न्हाणीमागे फेकून दिली. कोंबड्या धावतच आल्या.

लिलाबाई आल्या. नव्या मातीत लावलेली हिरवीगार रोपं पाहून माझ्या कडेवरून हात फिरवत म्हणाल्या, "शाबास रे बाप्पा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौदा एप्रिलच्या जयंतीला झेंडूची फुलं निघाली. पुढे वांगीही लागली. लिलाबाईंनी पहिलं वांगं तोडलं, देठावर बोट फिरवलं, मग वांगं उलटं करून पुन्हा फिरवलं.

"विनोद, काटे कुठी गेले रे? माह्या वांग्याच्या देठाले काटे राह्यते."

वाटलं, आता तरी सांगेल.

"काय माहीत, माय. बी बिघडलं असन."

"बी कायले बिघडन? माहाच हातगुन गेला."

या हिवाळ्यात त्यांनी काहीच पेरलं नाही. शेजारची रत्नमाला झेंडूचं बी घेऊन आली, "काकू, तुमीच टाका," म्हणाली. लिलाबाईंनी हात मागे घेतला. "नको माय. माह्या हातानं नको."

मी आता दारामागे आहे. माझ्यात चार्जरच्या वायरी आणि बंद पडलेला टॉर्च आहे. वायर घ्यायला विनोद रोज माझ्यात हात घालतो आणि माझ्याकडे न बघता निघून जातो.

विनोद, मला हवं तर भंगारात दे. माझा तुझ्यावर राग आहे आणि तो जायचा नाही. ते बी परत येणार नाही, हेही मला कळतं. पण तुझी माय अंगणात बसून आपलेच तळहात उलटेपालटे करून पाहत असते. तिला एवढं तरी सांग, की तिचं बी उगवलं होतं.