एवढासा पासंग

मित्रांनो, मी चित्रकलेच्या वर्गात टांगलेला एक तराजू आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. नवा असतो तर आत्मवृत्त सांगत बसलो असतो का? नव्यांना वेळ नसतो. मलाही फारसा नाही. पण आज वर्गाला सुट्टी आहे आणि अंग ठणकते आहे, तेव्हा चार शब्द बोलून घेतो.

माझी दांडी एका लोहाराने ठोकली. हात सराईत होता, पण शेवटच्या घावाला त्याला कुणीतरी हाक मारली असावी. डावी बाजू अंमळ जड राहिली. पुढे मी एका हार्डवेअरच्या दुकानात लागलो. दुकानदाराने मला रिकामाच उचलून धरला, एक डोळा मिटून काटा पाहिला आणि बायकोला म्हणाला, "हा जन्मतःच तिरका दिसतोय."

"मग आपल्या घरात बरोबर खपेल," ती म्हणाली.

त्याने मला परत केले नाही. एक लहानसा लोखंडी वॉशर घेतला आणि माझ्या उजव्या साखळीला तारेने बांधून टाकला. काटा निमूट मधोमध आला. तराजूचा तोल साधावा म्हणून हलक्या बाजूला असे जे काही बांधतात, त्याला पासंग म्हणतात. शब्द तुम्ही ऐकला असेल, कारण माणसे तो एकमेकांना फेकून मारतात: 'तू त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीस.' वस्तू मात्र फेकणाऱ्याने पाहिलेली नसते.

त्या दुकानात मी खिळे तोलले, साखळ्या तोलल्या, बिजागऱ्या तोलल्या. गिऱ्हाइके म्हणायची, "इथलं माप म्हणजे माप!" मी फुगायचो. पासंग काही बोलायचा नाही. मग आकडे उजळणारा काटा आला आणि मी भंगारात गेलो. तिथून मला चित्रकलेच्या बाईंनी उचलले. वाटले, आता विश्रांती. कसली विश्रांती! बाई मुलांना चित्रांतून रूपक शिकवत, आणि त्या कामाला त्यांनी मला जुंपले.

"जीभ सुईसारखी आहे, असं दाखवायला शेजारीशेजारी जीभ नि सुई काढू नका," बाई पहिल्या तासाला सांगत. "तोंड काढा आणि जिभेच्या जागी सुईच काढा. बघणाऱ्याला टोचली पाहिजे."

एका मुलाने लगेच आपले बाबा काढले. मानेपर्यंत बाबा, वर प्रेशर कुकर.

"छान जमलंय," बाई म्हणाल्या. "घरी दाखवू नकोस."

माझ्या वाट्याला मात्र दरवर्षी न्याय यायचा. एका पारड्यात पैसा, दुसऱ्यात माणुसकी. एका पारड्यात मोबाइल, दुसऱ्यात पुस्तक. पुस्तक हमखास जिंकायचे, आणि ते जिंकवणारी मुले रंग वाळायच्या आत मोबाइल काढायची. मित्रांनो, मणभर खिळे उचलून मी कधी दमलो नाही. पण हे अर्थ उचलून उचलून माझ्या साखळ्या सैल झाल्या.

यंदा वर्गात दोन सख्ख्या बहिणी होत्या. थोरलीचा हात असा की रेघ मारली की मुले वाहवा करायची. धाकटी हळू. एका पेन्सिलीला टोक करण्यात तिचा अर्धा तास जाई. एकदा धाकटी रंगपेटी विसरली म्हणून तिची आई ती घेऊन वर्गाच्या दारात आली. शिवणकाम करणारी बाई. गळ्यात टेप तशीच.

"बाई, एक सांगू?" आई म्हणाली. "ही थोरलीच्या पासंगालाही पुरायची नाही. घरात एक चित्रकार पुरे. हिचं नाव काढून टाका, मला मशीनवर दुसरा हात हवाय."

सगळा वर्ग ऐकत होता. धाकटी टोकदार पेन्सिलीला आणखी टोक करत राहिली.

"पालकसभेला मुलांची चित्रं लावणार आहे," बाई म्हणाल्या. "ती बघा, मग ठरवा."

"बघते. पण ठरलेलंच आहे, सांगून ठेवते."

त्या आठवड्यात बाईंनी मला टेबलावर, खुंटीच्या दोरीला टांगले आणि सांगितले, "तराजू घेऊन रूपक करा. काय तोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." थोरलीने मान तिरपी करून मला न्याहाळले.

"बाई, हे काय लोंबतंय एका बाजूला? सगळी रचना बिघडते. दोन्ही बाजू सारख्या हव्यात ना?"

"हव्यात तर. काढून टाक."

कात्रीने तार कापली आणि पासंग पेन्सिलीच्या भुशाबरोबर केराच्या डब्यात गेला. आता मी अगदी देखणा झालो, आणि त्याच क्षणी डावीकडे कललो. बाईंनी क्षणभर विचार केला आणि कललेल्या पारड्याखाली एक जाडजूड पुस्तक सरकवले. "चित्रात पुस्तक काढायचं नाही," त्या म्हणाल्या. अख्खा वर्ग न्याय काढू लागला. मी पुस्तकावर बूड टेकून न्यायाचा चेहरा करून बसलो. अशी वेळ मोठमोठ्यांवर येते म्हणतात.

धाकटीचा कागद कोराच होता.

"काय गं, सुचत नाही?" बाईंनी विचारले.

"सुचतंय, पण हा खोटा बसलाय, बाई. मघाशी नीट लटकत होता."

ती उठली, केराच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि भुसा झटकत वॉशर घेऊन आली. तो माझ्या साखळीला बांधला, खालचे पुस्तक ओढून घेतले. मी जरा झुललो आणि सरळ उभा राहिलो.

"अगं, घाण दिसतंय ते!" थोरली ओरडली.

"दिसू दे. उभा राहिला ना?"

बाई जवळ आल्या. चष्मा वर सारून त्यांनी वॉशर बोटाने हलवून पाहिला. "अगं बाई! हाच तो पासंग. जन्मभर शब्द वापरला मी, आणि वस्तू आज बघते."

धाकटीने विचारले, "म्हणजे मी ज्याला पुरत नाही, तो हा?"

कुणीतरी फिदकन हसले. थोरली हसली नाही. तिने हातातली कात्री मिटून खणात ठेवली. धाकटी जागेवर गेली आणि तास संपला तरी मान वर न करता काढत राहिली.

पालकसभेला भिंती चित्रांनी भरल्या. थोरलीच्या चित्रापुढे गर्दी होती. तिने एका पारड्यात मेंदू आणि दुसऱ्यात हृदय काढले होते, आणि खरोखरच सुरेख काढले होते. आई तिथे थांबली, चार जणांकडून कौतुक ऐकले, आणि मग धाकटीच्या चित्राकडे वळली. मी तिथेच वर होतो. जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, हे जन्मभर टांगलेल्या मलाही त्या दिवशी कळले.

चित्रात मीच होतो, पण दांडीच्या जागी त्यांच्या घराचे छप्पर होते. एका पारड्यात आई, शिलाई मशीनसकट. दुसऱ्यात थोरली, रंगपेटी आणि बक्षिसांसकट. आणि थोरलीच्या बाजूच्या साखळीला एक वॉशर. त्या वॉशरला डोळे होते, आणि बांधलेल्या तारेची दोन टोके दोन वेण्या होऊन लोंबत होती. छप्पर सरळ होते.

"हे काय लटकवलंयस?" आईने विचारले.

"मी."

"एवढीशी?"

"एवढीच लागते, आई."

आई गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिली. रूपक समजावून सांगायचा मोह शिक्षकाला आवरणे कठीण, पण बाईंनी आवरला. शेवटी आई बाईंना म्हणाली, "नाव राहू द्या हिचं. मशीनचं मी बघते."

मग ती खाली वाकली आणि धाकटीच्या वेण्या दोन्ही हातांत धरून तिच्यावर खेकसली, "या अशा वाकड्या कोण घालतं गं? स्वतःच घालतेस? उद्यापासून माझ्याकडे येऊन बसायचं सकाळी."

धाकटी "हो" म्हणाली. हातांतल्या वेण्या सोडायला आईला वेळ लागला.

असो. मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने काहीतरी मागायचे असते. मी तेल मागणार नाही. दिलेत तर नको म्हणणार नाही, एवढेच. पण कुठल्याही जुन्या वस्तूवर काही वेडेविद्रे बांधलेले दिसले, तर कापण्याआधी ते क्षणभर हाताने उचलून धरा आणि काय कलते ते बघा. माणसांच्या बाबतीत तर कात्री दूरच ठेवा.

आता बोलवत नाही. जाताना तेवढी खिडकी लोटून घ्या. वाऱ्याने झुलायला होते आणि डोळा लागत नाही. उद्या नवी तुकडी यायची आहे, आणि पहिल्याच तासाला मला पुन्हा न्याय व्हायचे आहे.