नऊ पर्वांची सोबत

तिला घरात सगळे धाकटी म्हणत. एक्केचाळीस वर्षांची झाली तरी धाकटीच. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायची. पुढून नंबर लिहिलेली चिठ्ठी आली की काच यंत्रावर चढवायची, फ्रेमच्या मापाला उतरवायची आणि कडेवरून बोट फिरवून बघायची. दिवसभर यंत्राची घरघर, त्यामुळे कमी बोलायची तिला सवयच लागली होती. घरी आई आणि मोठा भाऊ. दादाचं लग्न झालं तेव्हा घरात वहिनी आली, आणि वहिनीच्या पाठोपाठ घड्याळवाली आली.

घड्याळवाली म्हणजे एका जपानी ॲनिमे मालिकेतली मुलगी. गावोगाव हिंडून ती बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करायची. बरोबर एक चिडका कावळा असायचा, तो घड्याळं सोडून माणसांच्याच खोड्या काढायचा. वर्षाला मालिकेचं एक पर्व, त्याचा नवा भाग दर रविवारी दुपारी यायचा. लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी वहिनी लॅपटॉप उघडून पलंगावर बसली. धाकटी तिथेच धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हे लहान मुलांचं ना?" धाकटीनं विचारलं.

"वन्सं, पाच मिनिटं बसा. नाही आवडलं तर उठा."

वन्सं ही हाक त्या घरात कुणी मारत नव्हतं. वहिनी ती मुद्दाम मारायची, जुन्या नाटकातल्या सुनेच्या सुरात. धाकटी बसली ती नऊ वर्षं उठलीच नाही.

वहिनी इस्पितळात एक्स-रे काढायची. सहा दिवस लोकांना "श्वास धरा, सोडा" सांगून सातव्या दिवशी तिला स्वतःला श्वास सोडायला एवढीच जागा होती. दोघी खालच्या भाषांतराच्या ओळी वाचत भाग बघायच्या, मग चहा ठेवून त्याच भागावर भांडायच्या. कावळ्याचं चुकलं की मुलीचं, यावर एकदा चार दिवस अबोला झाला होता. घड्याळवालीला आवाज देणाऱ्या बाईचं लग्न, तिचं मोडलेलं घर, तिच्या घशाचं ऑपरेशन, सगळं दोघींना तोंडपाठ. त्या ऑपरेशननंतर बाईचा आवाज परत येईस्तोवर तीन आठवडे दोघींच्या जिवाला घोर होता. आई म्हणायची, "सख्ख्या मावशीला बरं नव्हतं तेव्हा एवढी चौकशी केली नाहीत."

एका वर्षी शहरातल्या चाहत्यांचा मेळावा भरला. वहिनीला घड्याळवालीचा वेश करायचा होता, पण तिचं ते डोळ्याला लावायचं भिंग कुठे मिळेना. धाकटीनं दुकानातल्या वाया गेलेल्या काचा घेतल्या, जेवणाच्या सुट्टीत बसून घासल्या आणि पितळेच्या कड्यात बसवून हुबेहूब भिंग करून दिलं. मेळाव्यात लोक वहिनीला थांबवून फोटो काढत होते. कुणी भिंगाचं विचारलं की वहिनी धाकटीचा हात धरून पुढे ओढायची. "हे हिनं केलंय. ही माझी नणंद." धाकटीची अशी जाहिरात आजवर कुणी केली नव्हती.

दादा आणि वहिनीचं मात्र आतून वाळत गेलं. भांडण नाही, तंटा नाही. आधी बोलणं कमी झालं, मग जेवायच्या वेळा वेगळ्या झाल्या, आणि शेवटी दोघं एकाच घरात शेजाऱ्यांसारखी राहू लागली. एका मंगळवारी सकाळी वहिनी दोन बॅगा घेऊन गेली. धाकटी तेव्हा कामावर होती. परत आली तर आई म्हणाली, "आता तिला फोन करत बसू नकोस. काही झालं तरी तो तुझा भाऊ आहे." दादा टीव्हीकडे तोंड करून बसला होता. टीव्ही बंद होता.

त्याच आठवड्यात रविवारी वहिनीचा मेसेज आला. "नवा भाग बघितलास का?"

धाकटीनं तो दहा वेळा वाचला. उत्तर द्यावं तर दादाला काय वाटेल, आणि न द्यावं तर वहिनीला काय वाटेल. उद्या देऊ, असं तिनं ठरवलं. उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. मग इतके दिवस गेले की उत्तर देण्याचीच लाज वाटू लागली.

पुढची दोन पर्वं तिनं एकटीनं बघितली. भाग संपला की ती मान वळवायची, आणि शेजारी उशी असायची. चाहत्यांच्या ऑनलाइन गटात वहिनी पूर्वी पानंच्या पानं लिहायची. आता ती तिथे काहीच लिहीत नव्हती. धाकटी तिचं जुनं लिहिलेलं शोधून वाचायची. त्यात एके ठिकाणी होतं, "माझ्या नणंदेचं मत याच्या अगदी उलट आहे, आणि बहुतेक तिचंच बरोबर आहे." ती ओळ तिनं किती वेळा वाचली असेल याला गणती नाही. लोक नवऱ्यासाठी झुरतात, प्रियकरासाठी झुरतात. भावाच्या मोडलेल्या संसारातल्या बायकोसाठी कुणी झुरतं का, आणि झुरलं तर कुणाला सांगायचं, हे तिला कळत नव्हतं.

अकरावं पर्व संपलं आणि शेवटचा सिनेमा येणार असं जाहीर झालं. शहरात एकाच थिएटरात, रविवारी दुपारी एकच खेळ. धाकटीनं तिकीट काढलं. सिनेमा तिला बघायचाच होता. पण ती तासभर आधी जाऊन जिन्याजवळ उभी राहिली ती सिनेमासाठी नाही.

कावळ्याची चोच लावलेल्या दोन मुली गेल्या. मग एक बाप लेकीला खांद्यावर घेऊन गेला. आणि मग वहिनी आली. केस मानेपर्यंत कापलेले, चाल तीच, लांब ढांगांची.

"वहिनी." हाक तोंडातून गेलीच.

वहिनी थांबली. जवळ आली. "अजून वहिनीच?"

"दुसरं काय म्हणू?"

"ते मलाही सुचत नाही," वहिनी म्हणाली. थोडा वेळ ती तिकिटाची घडी घालत राहिली. "तू उत्तर दिलं नाहीस."

"दादाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं. त्याचं-माझं संपलं, त्याचे रीतसर कागद आहेत माझ्याकडे. सही, शिक्का, सगळं. तुझा-माझा काडीमोड कधी झाला ते सांग. त्याचा कागद मला मिळाला नाही."

वहिनीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"सहा महिने मला वाटत होतं, आज येईल उत्तर," वहिनी म्हणाली. "मग सोडून दिलं. चल, सुरू होईल."

वहिनीची जागा पुढे होती, धाकटीची पार मागे. सिनेमात काय झालं ते धाकटीला नीटसं सांगता आलं नसतं. कावळा काहीतरी कुजकं बोलला, सगळं थिएटर हसलं, आणि त्या दोनशे माणसांत तिला एक हसणं वेगळं ऐकू आलं. तेवढं तिला आठवतं. दिवे लागले तेव्हा ती माणसांतून वाट काढत खाली उतरली. वहिनी दाराशी उभी होती, डोळे पुसत.

"आज बोलायला नको," वहिनी म्हणाली. "मी आत्ता घड्याळवालीसाठी रडतेय. त्यात तुझी भर घालू नकोस." आणि जाता जाता, "महिनाअखेर मी हे शहर सोडतेय. दुसरीकडे नोकरी मिळालीय."

घरी आल्यावर धाकटीनं आईला आणि दादाला सगळं सांगून टाकलं. दादानं एवढंच विचारलं, "बरी आहे ना?" धाकटी हो म्हणाली. तो मान हलवून आत गेला.

आई म्हणाली, "मग घरी का नाही घेऊन आलीस?"

"तूच म्हणाली होतीस, फोन करू नकोस."

"तेव्हा म्हणाले. त्या दिवशी घरात सुतक पडल्यासारखं होतं. ते दोन वर्षं उराशी धरून बस असं कुणी सांगितलं होतं?"

धाकटीला हसावं की रडावं कळेना. भावाचं मन राखायचं म्हणून तिनं जे केलं, ते कुणी मागितलंच नव्हतं. भित्री तीच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि इस्पितळ गाठलं. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकांवर माणसं बसली होती. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "कुठला भाग काढायचाय?"

"काही काढायचं नाही. आतल्या मॅडमना भेटायचंय."

दार उघडलं. शिशाचा जाड झगा घातलेली वहिनी बाहेर डोकावली, पुढचं नाव पुकारायला. धाकटीला बघून तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"अजून अकरा पेशंट आहेत," वहिनी म्हणाली.

"बसते मी."

ती बसली. अकरा जण आत जाऊन बाहेर येईपर्यंत बसली. मग दोघींनी इस्पितळाच्या उपाहारगृहात चहा घेतला. धाकटीनं माफी मागितली, ती सरळ, कारणं न देता. वहिनीनं ती ऐकून घेतली. माफ केलं असं म्हणाली नाही, पण नवा फोन नंबर लिहून दिला.

महिनाअखेर वहिनी गेली. आता अधूनमधून फोन होतो, कधी हिचा, कधी तिचा. तिकडचं इस्पितळ मोठं आहे, घराला खिडक्या चांगल्या आहेत, असं काहीबाही वहिनी सांगते. धाकटी आईचं, कामाचं सांगते. दादाचं नाव निघालं तर निघतं. मग विषय संपतात. मालिका संपलीय, त्यामुळे पुढे काय झालं असं एकमेकींना विचारता येत नाही. दुसरं काही बघायला घेऊ या, असं दोघीही म्हणतात. कुठलं घ्यायचं ते मात्र अजून ठरत नाही.