मिठाची जागा

मालन खिडकीच्या ग्रिलमध्ये वाकून कात्री चालवत होती आणि तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता. रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली कोथिंबीर, पुदिना, हळदीची पानं, सगळं आज पहिल्यांदा कापायचं होतं. दहिसरच्या या बिल्डिंगीत ऊन येतं कुठून, असं हिणवणाऱ्या शेजारणीसाठी तिने दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. घे म्हणावं वास!

तिचा नवरा सहदेव खुर्चीत गाल फुगवून बसला होता. हृदयाच्या दुखण्यातून कसाबसा घरी आलेला. मीठ तोडलं नाही तर पुन्हा भरती, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पडला मालवणी माणूस. अळणी जेवण बघितलं की ताट सरकवायचा आणि मालनची पाठ वळली की ओलं बोट मिठाच्या बरणीत. असंच चाललं तर हा माणूस हातचा जाईल, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

आज मात्र ती नुसती हरखली होती. पुदिना, कोथिंबीर, आलं, लसूण वाटून, वर लिंबू पिळून तिने बांगड्यांना चोपडलं आणि हळदीच्या पानांत गुंडाळून ते तव्यावर ठेवले. काय घमघमाट सुटला! तिचं तिलाच हसू आलं.

सहदेव जेवायला बसला. ताटात डावीकडे, मिठाच्या जागी, हिरव्या वाटणाचा गोळा होता.

"नैवेद्याच्या ताटात मीठ नसता," तो म्हणाला. "माका फोटोत बसवलंस काय गो?"

"फोटोत जाऊ नये म्हणूनच लावलंय सगळं," मालन म्हणाली. "खा आधी."

त्याने बांगड्यावरचं पान उलगडलं. एक घास घेतला, मग दुसरा, आणि काटा चोखत बसला. शेवटी त्याने दुसरा बांगडा मागितला तेव्हा मालनला शेजारणीला ओरडून सांगावंसं वाटलं. त्याला वाढून ती आनंदाने स्वतःचं ताट घेऊन बसली.

त्या ताटातही मीठ नव्हतं. सहदेवने ते पाहिलं.

"तुका कोणी बंदी केली?"

"तुम्ही अळणी खाणार आणि मी मीठ घेऊन खाऊ?"

तो उठला. हात धुतला, बरणी उघडली आणि चिमूटभर मीठ आणून तिच्या ताटात डावीकडे वाढलं. थोडं मीठ त्याच्या ओल्या बोटांना चिकटून राहिलं. मालन त्या बोटांकडे बघत होती.

त्याने बोटं लुंगीला पुसली आणि परत जेवायला बसला.