वाचावंच लागलं

"खोटं बोलायचं नाही, आणि कुणाच्या मनाला लागेल असंही बोलायचं नाही. दोन्ही एकदम जमलं तरच तोंड उघडायचं." आईने हा नेम दिला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. रोज सकाळी देवापुढे बसून तो नव्याने घेते. अजून मोडला नाही. त्यासाठी बरंच गप्प राहावं लागलं. नोकरी ग्रंथालयात मिळाली हे त्यातल्या त्यात बरं झालं.

पण ग्रंथपालाला अभिप्राय द्यावा लागतो. किशोर विभागात नवी कादंबरी आली की ती मी वाचायची आणि वहीत एक ओळ लिहायची. त्यावरून किती प्रती घ्यायच्या ते कार्यवाह ठरवतात. अलीकडच्या या कादंबऱ्यांबद्दल मला मतं आहेत. त्यांतल्या मुलांना आईबाप नसतात. असलेच तर पहिल्या प्रकरणात परगावी जातात. सोळाव्या वर्षी पोरं जग वाचवतात, पण शाळेत कुणी हजेरी लावत नाही. म्हणून मी जपून लिहिते. 'पानं भरपूर आहेत.' 'मुखपृष्ठ निळं आहे.'

यंदा एक चारशे बारा पानांची आली. त्यातली मुलगी एका लिफ्टच्या प्रेमात पडते. लिफ्टही पडते. म्हणजे प्रेमात, खरोखरची पडते ती शेवटी.

दोन आठवडे झगडले आणि वहीत लिहिलं, 'वाचावंच लागलं.'

कार्यवाहांनी चाळीस प्रती मागवल्या.

"बाई, इतक्या वर्षांत तुम्ही कशालाच एवढं चांगलं म्हटलं नव्हतंत!"

"अहो, मला म्हणायचं होतं—"

"कळलं हो! हातातून सुटलंच नाही ना?"

सुटलं नव्हतं हे खरंच होतं. मी वही मिटली.

दारावर फलक लागला: 'वाचावंच लागलं! — ग्रंथपाल'. पोरांची झुंबड उडाली. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी फुलं ठेवू लागलं. लिफ्टमन रजेवर गेला. म्हणाला, दोघांच्या मध्ये उभं राहायला अवघडल्यासारखं होतं.

मग कार्यवाहांनी लेखिकेचा सत्कार ठरवला आणि पाच मिनिटं मी बोलायचं, हेही.

"छान आहे म्हणून मोकळी हो," हे घरी म्हणाले.

"नेम मोडेल."

"मग वाईट आहे म्हण."

"तरी मोडेल."

"आजारी पड."

"ते खोटं होईल."

यांनी पान वाढून घेतलं.

लेखिका निघाली एकोणीस वर्षांची. नवी चप्पल चावत असल्यामुळे एका पायावर उभी होती. मी माइक धरला. "मी हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलं." टाळ्या. "एकही पान गाळलं नाही." आणखी टाळ्या. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तोंडून निघून गेलं, "त्या मुलीची मला फार काळजी वाटायची. चारशे बारा पानांत तिला एकदाही कुणी विचारलं नाही, जेवलीस का म्हणून."

लेखिकेचे डोळे भरले.

"बघा, किती भारावली!" कार्यवाह म्हणाले, आणि नारळासारखा जड हार तिच्या गळ्यात घातला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यात तिने मला कपाटाआड ओढलं.

"काकू, नाही ना आवडलं तुम्हाला?"

मी गप्प.

"बोला ना. खरं सांगितलंत तर नाही लागणार मला. गप्प बसलात तर लागेल."

अशी पंचाईत जन्मात आली नव्हती. माझं गप्प बसणंच कुणाला टोचेल, हे आईनेही सांगितलं नव्हतं.

"नाही आवडलं," मी म्हटलं.

"हुश्श!" ती चक्क हसली. "सगळे नुसतं छान छान करतात. आमची आई तर न वाचताच. दुसरा भाग लिहून झालाय, काकू. छापायला द्यायच्या आधी वाचाल? आणि शनिवारी घरी येऊन तोंडावर सांगाल?"

"सांगेन."

दुसरा भाग सहाशे पानांचा होता. त्यात एक सरकता जिना आला होता, आणि त्याची नियत ठीक नव्हती. पहिली दोनशे पानं काढून टाकायला हवी होती. एक प्रकरण मात्र सुरेख जमलं होतं. तेही सांगायचं होतं.

शनिवारी सकाळी हे पेपर वाचत होते. मी सहाशे पानं दोन पिशव्यांत वाटून घेतली, चष्मा घेतला, दार हलकेच ओढून घेतलं आणि निघाले.