तीन मिनिटांची शिकार

शनिवारी दुपारी महूहून इंदूरकडे येणाऱ्या रस्त्यावर रुपाली स्कूटर अशी हाकत होती, जणू मागे पोलीस लागलेत. मागे कुणी नव्हतं. पायांपाशी थर्माकोलचा एक डबा होता, डब्यात बर्फ होता आणि बर्फात बारा लँगुस्तीन होत्या.

आता लँगुस्तीन म्हणजे काय, हे इंदुरात शंभरातल्या नव्याण्णव जणांना ठाऊक नसेल आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ही कोळंबीहून थोरली, शेवंडीहून धाकटी. अंगाने सडपातळ, पुढे दोन लांब बारीक नांग्या, डोळे काळे बटणासारखे. राहते युरोपच्या थंड समुद्रात, चिखलात बिळं करून. रुपाली ज्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात पोषणशास्त्र शिकवायची, तिथे एका पाहुण्या शेफचं प्रात्यक्षिक झालं आणि गोठवलेला एक डबा उरला. बाकीची मास्तरमंडळी ‘हे घरी नेऊन आईला काय सांगू’ म्हणत मागे सरली. रुपाली पुढे झाली आणि डबा उचलून मोकळी झाली. ती कोकणातल्या रेवदंड्याची. निदान मासळीच्या बाबतीत तरी लाज तिने माहेरीच ठेवली होती.

पण एवढी घाई जिभेसाठी नव्हती. घाई होती ती सासऱ्यांसाठी.

सासरे तुकोजीराव, वय चौऱ्याहत्तर. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. स्वतः तुकोजीरावांनी पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपात हीट ट्रीटमेंटचे फोरमन म्हणून पस्तीस वर्षं भट्टीसमोर काढली. फौज गेली, भट्टीही सुटली, पण घराण्याची एक रीत तेवढी राहिली. रविवारी मटण शिजायचं, त्याला घरात शिकार म्हणायचे, आणि ती शिजवायचे पुरुष. मागच्या अंगणात कोळशाची शेगडी, तिच्यावर मोठं पातेलं आणि पातेल्यासमोर तुकोजीराव. बायकांनी पोळ्या कराव्यात, वास घ्यावा आणि लांबून तारीफ करावी. पातेल्यात पळी घालण्याचा हक्क सासूबाई मनोरमाबाईंनाही पंचेचाळीस वर्षांत मिळाला नव्हता.

तर हे तुकोजीराव तीन महिन्यांपासून जेवत नव्हते. म्हणजे ताटावर बसायचे, वरणभात चिवडायचे आणि उठायचे. रविवारी स्वतः रांधलेली शिकार सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचे आणि आपण ‘मैं बाद में खाता हूँ’ म्हणून बाजूला व्हायचे. ते बाद में कधी यायचं नाही. तपासण्या झाल्या, सगळं ठाकठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, वजन सहा किलो उतरलंय, पोटात प्रथिनं जायला हवीत. रुपालीने पावडर आणली. ती त्यांनी कणकेत ढकलून दिली आणि घरातली बाकीची तिघं आठवडाभर चिकट पोळ्या खात बसली. दरम्यान त्यांच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पडली. भोकं त्यांनी स्वतः पंच मारून पाडली होती, अगदी एका ओळीत, फोरमनच्या हातची. रुपाली ती रोज मोजायची.

म्हणून बाराच्या बारा तिने वाटेतच वाटून टाकल्या होत्या. माणसं चार, प्रत्येकी तीन. तिघींचं सोललेलं मांस सत्तर-ऐंशी ग्रॅम, म्हणजे प्रथिनं चौदा-पंधरा ग्रॅम, दोन अंड्यांपेक्षा कांकणभर जास्तच. चरबी नावाला. वर बी-ट्वेल्व्ह, आयोडीन, सेलेनियम. आणि मऊ तर अशी, की जिभेने दाबली तरी विरघळावी. बडा गणपतीजवळच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या, तिथे तिने डब्याचं झाकण उचलून पाहिलं. बर्फ टिकला होता. शेजारच्या रिक्षातल्या बाई डोकावल्या आणि पदर सावरून सरकून बसल्या.

घरी डबा उघडल्यावर पहिली सलामी नवऱ्याने, भूषणने दिली.

“अरे यार, हा तर गजब आयटम आहे.”

तुकोजीरावांनी चष्मा वर केला, खाली केला. “हे कोणतं जानवर उचलून आणलंस बेटा? विंचवाचा सगा भाऊ दिसतोय.”

“लँगुस्तीन, आबासाहेब. उद्या शिकारीच्या जागी हीच करू या. फक्त तीन मिनिटं लागतात.”

“तीन मिनिट?” ते हसले. “तीन मिनिटांत तर चहासुद्धा ढंगाने उकळत नाही. घरातल्या लोकांना कच्चं खिलवशील काय?”

“जास्त शिजवली तर रबर होते.”

“रबर होतं कारण लोक मसाला भुनत नाहीत,” तुकोजीराव म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. “तू ठेव फ्रिजमध्ये. सकाळी मी बघतो.”

पण बऱ्याच दिवसांनी त्यांचे डोळे चमकलेले दिसले. एक लँगुस्तीन त्यांनी नांगीला धरून उचलली, उलटीसुलटी केली, कवचावर नख वाजवून पाहिलं. मनोरमाबाईंनी सुनेला कोपराने हळूच ढोसलं. रुपालीला अंगात वारं भरल्यासारखं झालं. रात्री तिने मनातल्या मनात उद्याचं ताट तीनदा मांडलं.

सकाळी साडेसहाला ती स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली.

ओट्याशी तुकोजीराव उभे होते. बोटांना कवचाचे काटे लागून दोन-तीन जागी रक्त आलं होतं. परातीत कवचांचा ढीग आणि स्टीलच्या भगुण्यात सोललेल्या सात लँगुस्तीन, वरून हिरवट पांढरं काहीतरी फासलेलं. शेजारी किसणी. शेजारी कच्च्या पपईचं अर्धुक.

“आबासाहेब, पपई लावली?”

“पाच वाजल्यापासून लागलोय,” ते अभिमानाने म्हणाले. “जून बोकडसुद्धा हिच्यापुढे लोणी होतो. मतलब, तुझं हे जानवर किस खेत की मूली. सात झाल्या, पाच राहिल्यात.”

रुपालीने भगुणं ओढून नळाखाली धरलं. एक उचलायला गेली, तर तिच्या चिमटीत नुसता लगदा आला. दुसरीही तशीच. बोकडाचं मांस मऊ करायला दोन-तीन तास लावतात ती पपई या नाजूक जिवाला तासाभरात पुरती खाऊन बसली होती. कोकणात कोळंबीला पपई लावणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. बोकडावर वाढलेल्या या घरात मात्र ही चूक म्हणजे शुद्ध माया होती. ते कळत असूनही तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

“का लावलीत? मी म्हटलं होतं ना, ती मुळातच मऊ असते.”

 तुकोजीरावांनी नळ बंद केला, हात पुसले. ओट्यावरच्या किसणीकडे बघता बघता रुपालीला एकेक गोष्ट आठवत गेली. गेले तीन महिने रविवारच्या शिकारीत पपई वाढतच चालली होती. भूषण कुरकुरला होता की मटण आजकाल खिमा होऊन येतं. आणि हिवाळ्यात आबासाहेबांनी नवी कवळी बसवून घेतली होती, तेव्हा आरशासमोर उभं राहून ‘एकदम पंचवीस का जवान’ म्हणाले होते.

“आबासाहेब,” ती हळूच म्हणाली, “कवळी टोचते का?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. पोळपाट-लाटणं अजून वाजत नव्हतं, म्हणजे मनोरमाबाई पूजेत होत्या.

“हलते,” ते म्हणाले. “घास चावला की खालची उचलते आणि असं कापतं की डोळ्यांत पाणी येतं. पपई घालून घालून बघितलं. नाही जमत.” मग घाईने म्हणाले, “मनोरमाला सांगू नकोस. मटणाची नळी दातांनी फोडणारा माणूस मी. ती हसणार नाही, पता है मला. ती पेज करून देईल.”

एवढंच होतं. सहा किलो वजन, तपासण्या, चिकट पोळ्या, आणि मुळाशी एक हलती कवळी. रुपालीला एकाच वेळी हसू आलं, राग आला आणि सगळ्यात जास्त आनंद झाला. कारण याला उपाय होता आणि त्यातला निम्मा फ्रिजमध्ये होता.

“पाच आहेत ना अजून,” ती म्हणाली. “त्या माझ्या पद्धतीने. आणि या सातांचंही मी बघते.”

“तीन मिनिट?” त्यांनी मान हलवली. “नाही बेटा. शिकार अशी होत नाही.”

 पोषणशास्त्र या माणसापुढे चालणार नव्हतं, हे रुपालीला कळलं. “भट्टीतला पीस लाल झाला,” तिने विचारलं, “आणि काढायला उशीर केला, तर काय होतं?”

“कामातून जातो. ठिसूळ होतो.” उत्तर तोंडातून निघालं आणि ते थांबले. मग तिच्याकडे नीट बघत म्हणाले, “रंगावरून समजतं काय हिचं?”

“नाही ना. कोळंबी शिजली की लाल होते. ही कच्चीच गुलाबी असते. रंगाने फसवते. आतलं मांस काचेसारखं असतं, ते पांढरं दिसलं की लगेच उतरवायची.”

“म्हणजे काम घड्याळावर.”

“पूर्ण घड्याळावर.”

तुकोजीरावांनी दंड थोपटायचेच बाकी ठेवले. साडेअकराला अंगणात शेगडी पेटली. कोळसे त्यांनी असे लावले, की एक निखारा इकडचा तिकडे नाही. जड लोखंडी तवा चढला. हाताचं घड्याळ काढून त्यांनी विटेला टेकवून उभं केलं. रुपालीने पाचही लँगुस्तीन कवचासकट उभ्या चिरल्या, पाठीतला काळा दोरा काढला, नांग्यांना बत्त्याने तडे दिले आणि वरून तूप, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि मीठ चोळलं.

“चिमटा तुझ्याकडेच राहू दे,” तुकोजीराव म्हणाले. “माझी बोटं सकाळीच कापलीत आणि काम सेकंदाचं आहे.”

घराण्याची रीत अशी एका वाक्यात बाजूला झाली. पोळ्या घेऊन दारात आलेल्या मनोरमाबाईंनी ते ऐकलं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

कवचाची बाजू खाली करून तव्यावर दहा फोडी पडल्या. तूप चर्रर्र झालं, लसणाचा वास अंगणभर झाला. तुकोजीराव घड्याळावर वाकले. “एक मिनिट.” भूषण मोबाइल काढून उभा होता, त्याला त्यांनी सावली पडते म्हणून हटवलं. “दोन.” काचेसारखं मांस कडेने पांढरं होत आत सरकत होतं. रुपालीने फोडी पालथ्या केल्या. ती हसत होती. “दोन पन्नास. पंचावन्न. काढ, काढ, काढ सूनबाई.”

दहाही फोडी थाळीत उतरल्या. वर लिंबू पिळलं. सगळे ओसरीवर बसले. रुपालीने तुकोजीरावांच्या ताटात चार फोडी ठेवल्या, बाकीच्यांना दोन दोन, आणि त्यांच्याकडे बघत बसली.

त्यांनी एक फोड उचलली. मांस कवचातून अलगद सुटलं. तोंडात घातलं, चावायला गेले आणि त्यांचा चेहरा आक्रसला. ते मऊ मांसही खालची कवळी उचलायला पुरेसं होतं. 

 तुकोजीरावांनी सगळ्यांसमक्ष दोन बोटं तोंडात घातली, कवळी काढली, खालची आणि वरची दोन्ही, आणि ताटाशेजारच्या वाटीत ठेवली. गाल आत गेले. भूषणचा घास हातातच राहिला.

त्यांनी दुसरी फोड तोंडात घातली. टाळूला लावून दाबली. डोळे मिटले. मग तिसरी. चौथी संपल्यावर तडकलेली नांगी ओठांत धरून त्यांनी असा सुर्रकन आवाज काढला, की नळी चोखायचे तेव्हाही इतका मोठा निघाला नसेल. तीन महिन्यांत तो आवाज या घराने ऐकला नव्हता.

मनोरमाबाई वाटीकडे पाहत होत्या. “तीन महिने,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं माझ्या हातचं तुम्हाला नको झालं. सांगायला काय झालं होतं?”  आपल्या ताटातल्या दोन्ही फोडी उचलून त्यांनी नवऱ्याच्या ताटात ठेवल्या.

तुकोजीरावांनी त्याही खाल्ल्या. बोटं चाटली. मग रिकाम्या थाळीकडे पाहून, दात नसल्याने जरा बोबडं, त्यांनी विचारलं, “आणखी आहे?”

हे दोन शब्द ऐकायला रुपालीने काय काय केलं होतं. ती उठली आणि धावतच आत गेली. गॅसवर सकाळपासून कवचं उकळून, गाळून काढलेलं पाणी होतं. त्यात नारळाचं दूध, आल्याचा रस आणि पपईने लोणी केलेल्या त्या सात जणी विरघळून दाट केशरी कालवण झालं होतं. त्यात चावायला काहीच नव्हतं.

“पातेलं भरून आहे, आबासाहेब,” ती आतूनच म्हणाली आणि सगळ्यात मोठा वाडगा शोधू लागली.