चौलच्या खाडीतली हिरवी खापरं

केसलर बाईंनी पेटीतून हिरवं खापर उचलून दाखवलं आणि सुलेखा बाकावरून ताडकन उठलीच.

"ही भांडी सातशे वर्षांपूर्वी चीनमधून जहाजांनी दूरदूर गेली," बाई सांगत होत्या. "पण कोकण किनाऱ्यावरचा एकही तुकडा माझ्याकडे नाही."

"आमच्या चौलच्या खाडीत चिखलात सापडतात की! लहानपणी आम्ही त्यांच्या ठिकऱ्या करून खेळायचो."

वर्गात हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. "आल्झो, बरं तर, फ्रॉइलाइन चौलकर," त्या जर्मन रिवाजानं कुमारी म्हणून हाक मारत म्हणाल्या, "आणून दाखवा."

हे १९५९ सालचं जर्मनीतलं कोलोन शहर. सुलेखा भांड्यांवरच्या झिलईच्या रसायनावर डॉक्टरेट करत होती. तिचा धाकटा भाऊ श्रीपाद शिकायला जर्मनीला निघालाच होता. तिनं त्याला कळवलं, हिरवं दिसेल ते घेऊन ये.

स्टेशनवर गाडीतून उतरताच श्रीपाद म्हणाला, "ताई, आई विचारत होती, पोराच्या पेटीत लाडू भरू की खापरं?"

"मग लाडू कुठायत?"

"बोटीवरच संपले. खापरं आहेत."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पेटी उघडली. पहिला तुकडा निघाला बाटलीच्या काचेचा. दुसऱ्यावर चक्क इंग्रजी कारखान्याचा शिक्का! सुलेखाचं तोंड एवढंसं झालं. तिसरा जाड, बुडाशी तांबूस भाजलेला. तिनं त्याची पातळ चकती कापली, घासली, आणि बाईंच्या नमुन्याशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तीच करडी माती, झिलईत तसेच बारीक बुडबुडे.

"बाई, तुम्हीच बघा. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही."

बाई वाकल्या. दोन्ही तुकडे आलटून पालटून पाहिले. मग एकदम ओरडल्या, "गेनाऊ! गेनाऊ! अगदी तेच!" आणि त्या शिस्तीच्या बाईंनी सुलेखाला कडकडून मिठी मारली. पुढं झिलईतलं लोह आणि चुनाही जुळला, तेव्हा बाईंनी शोधनिबंधावर आपल्या आधी सुलेखाचं नाव घातलं.

पेटी उघडली त्या संध्याकाळी ट्राममध्ये श्रीपादनं विचारलं, "पण ताई, शिडाची जहाजं एवढ्या लांब येत तरी कशी?"

झालं! सुलेखा सुटलीच. वारा फिरेपर्यंत बंदरात महिनोन्‌महिने थांबलेले खलाशी, तिथंच शिकलेल्या परक्या भाषा, तिथंच जुळलेली लग्नं, रेशीम देऊन घेतलेली मिरी... ती हातवारे करत बोलत होती, समोरची जर्मन आजीबाई कौतुकानं बघत होती. त्यांचा थांबा मागं गेला. श्रीपादनं पाहिलं, पण तिला थांबवलं नाही.