गिरणीवाल्या बाईचं चित्र

निलंग्यात व्यंकट चित्रकाराला सगळे ओळखतात, पण त्याचं घर चालतं महानंदाच्या पिठाच्या गिरणीवर, हे कुणी बोलून दाखवत नाही. खुद्द व्यंकट तर नाहीच नाही. नोकरी सोडून त्यानं रंगात हात घातला तेव्हा भाऊबंद फिदीफिदी हसले. महानंदानं मात्र पदर खोचला, गिरणी टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, तुम्ही चित्रं काढा, बाकीचं मी बघते. तेव्हापासून बिचारी बघतच आली आहे.

आता लातूरला त्याचं मोठं प्रदर्शन होतं. तिथं दर्शनी भिंतीवर लावायला त्यानं बायकोचं चित्र काढलं. तिला समोर बसवायचं तर गिरणी बंद ठेवावी लागते, म्हणून साहेबांनी लग्नातला फोटो समोर ठेवून काम उरकलं. आता बोला. चित्र न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी लाईट गेली, तेव्हा कुठं महानंदाला गिरणीतून माडीवर येऊन ते बघायला सवड मिळाली.

चित्रातली बाई गोरीपान. हातात निरांजन, नजर पायाशी.

"ही कोण म्हणायची?" महानंदानं विचारलं.

"तूच की."

"मी कवा अशी निरांजन धरून बसले?"

"लोकांना असंच आवडतंय. पिठानं माखलेली बाई बघायला लातूरला कोण येणार हाय?"

महानंदाला झोंबलं. चांगलंच झोंबलं. ज्या पिठावर ह्याचे रंग आले, त्याच पिठाची ह्याला लाज? पण पदरात तोंड खुपसून रडणाऱ्यातली ती नव्हती.

"मग लोकांची बायको काढा," ती म्हणाली. "माझ्या नावानं ही बाई लातूरला जायची न्हाई. जाईन तर मी जाईन, न्हाईतर तिथली भिंत रिकामी ऱ्हाऊ द्या."

व्यंकटनं समजावून पाहिलं, मग चिडला, उद्या सकाळी टेम्पो येणार म्हणून गयावया केली. ही ढिम्म हलली नाही.

तेवढ्यात लाईट आली. दळण घेऊन आलेल्या बायकांनी खालून हाका मारायला सुरुवात केली. महानंदानं खिडकीतून सांगितलं, "आज गिरणी बंद हाय. मला बसायचंय."

स्टूल ओढून ती नवऱ्यासमोर बसली. भुवयांवर पीठ, कानामागं पीठ, पदर खोचलेला तो तसाच. व्यंकटनं मुकाट्यानं निरांजनवालीवरून पांढरा रंग फिरवला आणि नव्यानं रेघ ओढायला घेतली.

"जरा खाली बघ की," थोड्या वेळानं तो म्हणाला. "तू असं रोखून बघितलं की माझा हात थरथरायलाय."

"थरथरू द्या," महानंदा म्हणाली. "पण काढा."